न वाचलेली चेकलिस्ट

हिराजी काका,

जासईच्या नाक्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो पुतण्याच्या हळदीतला, त्यामुळे तुम्ही चक्क हसताय. खाली 'शोकाकुल' म्हणून चौदा चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावून. तुम्ही आयुष्यभर नेमकं काय काम करत होता हे त्या चौदांपैकी एकालाही धड सांगता येणार नाही. पण ते असू दे, फ्लेक्सवर चेहरे असायचेच. माझं डोकं फिरलं ते उजव्या कोपऱ्यामुळे. तिथं आपल्या कंपनीचं नाव आहे. ज्या कंपनीनं दीड महिन्यापूर्वी तुमच्या गळ्यातलं कार्ड काढून घेतलं आणि 'उद्यापासून येऊ नका' म्हणून सांगितलं, ती कंपनीही शोकाकुल आहे. मी रिक्षा थांबवून उतरले आणि त्या कोपऱ्याकडे बघत उभी राहिले. नखांनी खरवडून काढावं असं वाटलं, पण हात पोचत नव्हता.

काल तुमच्या तेराव्याचं जेवण झालं. पंगतीत शेजारी बसलेला एक गृहस्थ म्हणाला, हिराजी म्हणजे देवमाणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मला हसू आलं. तुम्ही तर सगळ्यांच्याच अध्यात आणि मध्यात होता. ट्रेलरवाल्यानं हॉर्न वाजवला तरी खिडकीतून शिवी हासडायचात. माझ्या डब्यातल्या ठेच्यावरून रोज टोमणा मारायचात आणि रोज अर्धा ठेचा संपवायचात. तुमच्या डब्यातल्या सुक्या वाकट्या मासळीचा वास मला पहिलं वर्षभर सहन होत नव्हता, मी खिडकी उघडायचे आणि तुम्ही बंद करायचात. देवमाणूस म्हणे. तुम्ही हट्टी, तोंडाळ आणि दुसऱ्याचं ऐकून न घेणारे होता, काका, आणि तुमच्या ह्या ऐकून न घेण्यानंच आज मला ह्या टेबलाशी आणून बसवलंय. उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. त्याआधी मला तुमच्याशी भांडून घ्यायचंय.

मी आपल्या ऑफिसात आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की परदेशातून माल आला की त्याचे कागद कस्टम्सला भरावे लागतात, आणि ते कागद भरून देणारी आपली कंपनी आहे. मी कॉम्प्युटरवर माहिती भरायची, तुम्ही सही करायची. कस्टम्सची परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते सहीचं कार्ड तुमच्याकडे. पण सहीच्या आधी तुमचा एक नियम होता, जो न्हावा शेवा बंदरातल्या दुसऱ्या कुठल्या ऑफिसात मी पाहिला नाही. कागद कस्टम्सला जाण्याआधी त्याची चेकलिस्ट निघायची, पाच-सात पानं, मालाचं नाव, नग, वजन, कुठून आला, कुठल्या सवलतीत बसतो. बाकीचे लोक ती चाळून सही ठोकतात. तुम्ही खुर्चीत मागे टेकायचात, डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "वाच."

मी मोठ्यानं वाचायचे. एकेक ओळ बरोबर असली की तुमचं उजव्या हाताचं बोट टेबलावर टक् करून वाजायचं. बोट वाजलं नाही की मी थांबायचे. त्या ओळीत काहीतरी चुकलेलं असायचं, आणि ते तुम्ही कागदाकडे न बघता पकडलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं की काका, समोर कागद असताना हे नाटक कशाला. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "डोला झोपतंय पोरी, कान नाय झोपत."

नऊ वर्षं मी वाचलं आणि तुम्ही बोट वाजवलंत. एक दिवस सोडून.

आता कोट्याचं. ज्यांना आपलं काम माहीत नाही ते विचारतात की एका अंगड्या-टोपड्याच्या मालावरून एवढं काय झालं. मग सांगावं लागतं. आपल्या देशाचा एका शेजारी देशाशी करार आहे. त्यांच्याकडचे तयार कपडे आपल्याकडे विनाशुल्क येऊ शकतात, पण वर्षाला ठराविक नगच. त्याच्या पुढचा प्रत्येक नग पूर्ण शुल्काचा. शिवाय त्या ठराविक नगांपैकी मोठा हिस्सा असा हवा, की त्याचं कापड आपल्या देशात विणलेलं असेल. म्हणजे कापड इथून जाणार, तिकडे शिवलं जाणार आणि सदरा होऊन परत येणार. हे दोन देशांच्या मोठ्या माणसांनी कुठल्यातरी गार खोलीत बसून ठरवलं, हात मिळवले, फोटो काढले. त्यांच्या करारात कपड्याचं माप एकच, नग. सहा फुटी माणसाचं जाकीट एक नग, आणि सहा महिन्यांच्या बाळाची वीतभर चड्डी, तीही एक नग. ती चड्डी तुमच्या गळ्याशी येईल असं त्यातल्या कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

ह्या कोट्यावरून आपण किती भांडलो, काका. मी इचलकरंजीची. आमच्या घराच्या मागच्या खोलीत चार माग होते. लहानपणी आम्ही घरात ओरडूनच बोलायचो, खटखटीच्या वर आवाज जायला हवा म्हणून. बाबांना आता डाव्या कानानं ऐकूच येत नाही. चाराचे दोन माग झाले ते माझ्या लग्नाच्या आसपास. माझं म्हणणं सरळ होतं, की बाहेरचे कपडे येतात म्हणून आमचे माग बंद पडतात, तर कोटा ठेवायचाच कशाला, शून्य करा. मी हे कंटेनर यार्डाबाहेरच्या टपरीवर तावातावानं म्हणायचे आणि त्याच दुपारी त्याच कपड्यांचे कागद भरायला बसायचे. तुम्ही मला त्यावरून चिडवायचात.

"आमच्या भाताचा कोटा कोनी ठेवलेला?" तुम्ही म्हणायचात. "बंदर आयला तवा एक गुंठा पन मागं राहला नाय. आमी काय मेलो?" मग चहाचा ग्लास खाली ठेवून मला समजावायला लागायचात. "तुज्या बापाच्या गावचा कापड तिकडं जातंय, तिकडं शिवतान, परत हिकडं येतंय. कोट्यात बसतंय ता त्या कापडामुलंच. कोटा बंद झाला तर त्यो कापड कोन घेनार?"

मला ते पटायचं नाही. मला वाटायचं, तुम्ही आयात करणाऱ्यांचं खाता, त्यांचीच बाजू घेणार. एकदा मी हे तोंडावर म्हणालेही. तुम्ही रागावला नाहीत. "शिवणीच्या आत बघ कवातरी," एवढंच म्हणालात. कपडा उलटा करून त्याची आतली शिवण बघायची तुमची सवय सगळ्या यार्डात माहीत होती. शिवणारा कधीकधी कापडाची किनार कापून टाकत नाही, ती आत दडून राहते, आणि किनारीवर विणणाऱ्या गावाचं किंवा गिरणीचं नाव छापलेलं असतं. तुम्ही त्यावरून सांगायचात, हे भिवंडीचं, हे मालेगावचं. मी तिकडे कधी लक्ष दिलं नाही. मला वाटायचं, म्हातारा भाव खातोय.

मग तो मंगळवार. सकाळी भावाचा फोन आला की उरलेले दोन माग भंगारवाल्यानं टेम्पोत चढवले. बाबा ओट्यावर बसून बघत होते. मी ऑफिसात आले ती रडवेल्या तोंडानं. तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. आणि तुम्ही, काका, तुमच्या त्या तोंडाळ तोंडानं म्हणालात, "बरा झाला. बापाच्या कानांना आता आराम."

मला माहीत आहे, तुम्हाला मला हसवायचं होतं. तुमच्याकडे दुःखावर दुसरा उपायच नव्हता. तुमची शेती गेली त्याचीही तुम्ही अशीच थट्टा करायचात, की पाठीला आराम झाला म्हणून. आज मला हे समजतं. त्या दिवशी मात्र मी तुमच्याकडे असं बघितलं की तुमचं हसू तिथंच मावळलं, आणि त्यानंतर तीन दिवस मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. ठेच्याचा डबाही घेऊन दुसऱ्या टेबलावर बसले. तुम्ही दोनदा काहीतरी बोलायला आलात. मी कानात हेडफोन घातले.

शुक्रवारी तो माल आला. लहान मुलांचे कपडे, झबलं आणि चड्डी एका हँगरला. पाठवणाऱ्याच्या यादीत लिहिलेलं होतं, इतके सेट. मी तोच आकडा नगांच्या रकान्यात टाकला. डोक्यात बाबा, ओटा आणि टेम्पो होता. एका सेटात दोन नग असतात, आणि करारात मोजतात ते नग, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मी टाकला. आपल्या व्यापाऱ्याला कोट्यातून जितके नग मिळाले होते, त्यात माझा चुकीचा आकडा बरोब्बर बसत होता. खरा आकडा दुप्पट होता.

मी चेकलिस्ट छापून तुमच्या टेबलावर आणली. तुम्ही मला येताना पाहिलंत आणि चष्मा काढून बाजूला ठेवलात. खुर्चीत मागे टेकलात. डोळे मिटलेत. बोट टेबलावर तयार ठेवलंत. आणि म्हणालात, पण नेहमीसारखं नाही, जरा हळू, "वाच, पोरी."

मी वाचलं नाही. कागद तुमच्या हाताखाली सरकवला आणि उभी राहिले. तुम्ही थोडा वेळ तसेच डोळे मिटून बसलात. पंखा फिरत होता. बोट तसंच होतं. मग डोळे उघडून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पेन घेतलं आणि एकही ओळ न बघता सही केलीत.

मला त्या सहीचा अर्थ आता कळतो, आणि कळतो म्हणूनच इतका संताप येतो. ती तुमची माफी होती. तुम्ही शब्दांनी सॉरी म्हणणारे नव्हतात, म्हणून तुम्ही मला तुमची सही दिलीत, की तुझ्यावर माझा भरवसा आहे बघ, वाचायचीही गरज नाही. अशी माफी कुणी मागतं का हो? दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? आणि मी, मी तरी एक ओळ वाचली असती. 'नग' असं नुसतं माझ्या तोंडून निघालं असतं आणि तुमचं बोट वाजलं नसतं. सगळं तिथंच थांबलं असतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. यार्डात खोकी फोडली. झबली एका ढिगात, चड्ड्या दुसऱ्या ढिगात. ऑफिसर दोन्ही ढिगांकडे बघून म्हणाला, एवढी मोठी चूक कुणी करत नाही, हा कोटा चोरलाय. मी मागे उभी होते. आणि तुम्ही काय करत होता? तुम्ही एक चड्डी उचललीत, उलटी केलीत, कमरेची शिवण बोटांनी फाकवलीत आणि मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काहीतरी मार्ग सापडला.

"बघ," तुम्ही म्हणालात. "तुज्या गावचा हाय."

शिवणीच्या आत निळ्या अक्षरांची किनार होती. सुरुवातीची अक्षरं कात्रीत गेलेली, पण 'करंजी' एवढं स्पष्ट. तुमचं कार्ड जायची वेळ आली होती आणि तुम्हाला वाद जिंकायचा होता. मी म्हणाले, "काका, आत्ता हे?" आणि तोंड फिरवलं. हे तुमच्याशी समोरासमोर बोललेलं माझं शेवटचं वाक्य.

जिंकलात तुम्ही. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून आता सांगते. मी नंतर बाबांना फोन करून विचारलं, उजव्या कानाशी फोन धरायला लावून, की बाबा, किनारीवर असं नाव असतं का. बाबा म्हणाले, "असतं की. पण ते व्यापाऱ्याचं छापत्यात. आपण नुसतं विणून द्यायचं. आपलं नाव कुठलं त्यावर?" म्हणजे ते कापड आमच्या मागच्या खोलीतलं असेलही आणि नसेलही. चाळीस वर्षं विणलं आणि एका किनारीवर नाव नाही. कोटा होता तरी माग गेले. कोटा पाळण्याच्या भानगडीत तुम्ही गेलात. मग तो कोटा राखत कुणाला होता, हे मला त्या गार खोलीतल्या माणसांना विचारायचंय. ते म्हणतील, धोरण आहे, समतोल साधावा लागतो. साधा बापडे. तुमचा समतोल साधताना खाली कोण चेंगरतं ते बघायला एकदा जासईला या. जेवण चुकलं, पण फ्लेक्स अजून आहे.

जबाब घेतला तेव्हा मला बाहेर बसवलं होतं. दाराच्या फटीतून तुमचा आवाज येत होता. ऑफिसर विचारत होता की आकडा कुणी भरला. तुम्ही म्हणालात, सही माझी आहे. त्यानं पुन्हा विचारलं, भरला कुणी. तुम्ही पुन्हा तेच. मी उठून आत यायला हवं होतं. चार पावलं होती फक्त. मी उठले नाही. मुलीची शाळा डोळ्यांसमोर आली, करंजाड्याचा फ्लॅट डोळ्यांसमोर आला, तीन महिन्यांवर आलेली माझी कार्डाची परीक्षा आली. ज्या परीक्षेसाठी तुम्ही वर्षभर जेवणाच्या सुट्टीत माझी तयारी करून घेत होता, त्या परीक्षेच्या भीतीनं मी बाकावर बसून राहिले. तुमच्यावर मी एवढी चिडलेय, पण ह्या बाकावरच्या बाईवर जास्त चिडलेय.

त्यानंतर नोटीस आली, तुमचं कार्ड गेलं, सुनावणीची तारीख पडली. टपरीवर लोक बोलायला लागले. तीस वर्षं ज्यांनी तुम्हाला 'हिराजीशेठ, जरा हा कागद बघा' म्हणून गळ घातली, तेच म्हणायला लागले की म्हाताऱ्यानं कोट्यात हात मारला वाटतं. मी तिथं चहा पीत होते. मी तेव्हाही गप्प.

जाण्याच्या चार दिवस आधी तुम्ही फोन केलात. "परीक्षेचा वाचतेस ना?" हे तुमचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, काका, मी ऑफिसरकडे जाऊन सांगते, आकडा मी भरला. तुम्ही विचारलंत, "सही कोनाची?" मी म्हटलं, काका, ऐका तरी. तुम्ही पुन्हा, "सही कोनाची?" मी म्हटलं, तुमची. "मंग झाला," म्हणालात आणि फोन ठेवलात. मी परत फोन लावायला हवा होता. मला वाटलं, सुनावणीला भेटतीलच, तेव्हा भांडू. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही मोरीवर तोंड धुताना खाली बसलात ते उठलाच नाहीत. डॉक्टरांनी हार्टफेल लिहिलं. लिहू दे. तुमचं हृदय बैलासारखं होतं, मला माहीत आहे ते कशानं बसलं.

आणि आता परवाची गोष्ट. कंपनीच्या शेठनं केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं, दार लावून घेतलं. म्हणाले, "बघ सुजाता, जाणारा गेला. गेलेल्या माणसावर कारवाई होत नाही, फाईल आपोआप बंद होते. तू फक्त एवढ्यावर सही कर. तू पण सुटशील, कंपनी पण सुटेल. टेन्शन घेऊ नको." कागद आधीच छापून ठेवलेला होता. त्यात लिहिलं होतं की सदर मालाचे कागद कै. हिराजी यांनी एकट्यानं तयार केले आणि नगांचा आकडा त्यांनी जाणूनबुजून कमी दाखवला. काका, तुमच्या नावामागे 'कै.' लागलेलं मी पहिल्यांदा त्या कागदावर पाहिलं. घरच्यांच्या तोंडी ते अजून आलंही नव्हतं. मेलेला माणूस किती उपयोगी असतो बघा, त्याच्यावर काहीही घालता येतं, तो बोट वाजवत नाही.

"विचार करून सांगते," म्हणून मी कागद घेऊन घरी आले. खोटं कशाला बोलू, मी खरोखर विचार केला. एक अख्खा दिवस केला. शेठ म्हणतात ते खरंच आहे, तुम्हाला आता काय फरक पडतो?

मग काल पंगत उठल्यावर काकींनी मला आत बोलावलं. त्या तुमच्या खुर्चीशी बसल्या होत्या, खुर्चीवर नाही, खाली. म्हणाल्या, "ह्यांनी माना सांगलेला, पोरीचा नाव कुटं घ्यायचा नाय. मी नाय घेतला." मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला शिव्या देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. माझा हात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "आमची जमीन कागदावर गेली. आता मानूस पन कागदावरच गेला. तुमी लिवनारी लोका, काय लिवता ता एकदा वाचत जा गो." म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, काका. आकडा कुणी भरला तेही, आणि वाचला कुणी नाही तेही. तरी त्यांनी मला पंगतीत बसवून जेवायला वाढलं होतं.

त्या घरातून मी बाहेर पडले आणि नाक्यापर्यंत चालत आले, तुमच्या फ्लेक्सखालून. तेव्हा ठरलं.

आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. मुलगी क्लासला गेलीय, नवरा खाली सोसायटीच्या मीटिंगला. त्याला सकाळीच सगळं सांगितलं. तो म्हणाला, कार्ड मिळणार नाही मग तुला कधीच. म्हटलं, नाही मिळणार. नोकरीही राहणार नाही. तो म्हणाला, चहा टाकतो. शेठचा कागद मी फाडला नाही. तो उद्या ऑफिसरपुढे ठेवणार आहे, न केलेल्या सहीसकट. त्याच्या शेजारी हा माझा, हातानं लिहिलेला. तुम्ही ओरडणार मला ठाऊक आहे. सही ज्याची त्याची चूक, हे तुमचं पालुपद मी नऊ वर्षं ऐकलंय. आता तुम्ही ऐका. ह्या कागदावर सही माझी आहे.

समोरच्या खुर्चीवर कुणी नाही. तरी मी ती टेबलाशी ओढून घेतलीय. पाठवण्याआधी कागद मोठ्यानं वाचायचा असतो, तेव्हा वाचते. तुम्ही डोळे मिटा.

मी, सुजाता, राहणार करंजाडे, लिहून देते की सदर मालाची नोंद मी स्वतः केली. नगांचा आकडा मी भरला, आणि तो चुकीचा भरला.

चेकलिस्ट वाचून दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. हिराजी काका ऐकायला बसले होते. त्यांनी मला वाच म्हणून सांगितलं होतं. मी वाचली नाही.

त्यांनी काही लपवलं नाही. त्यांनी काही चोरलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, तेवढी एकच चूक त्यांच्या नावावर आहे.

दुरुस्ती पुढीलप्रमाणे. प्रत्येक हँगरला झबलं एक, चड्डी एक.

नग दोन, काका. वाजवा बोट.